‘तुमचा डॉक्टर कोण?’ : गिरणगावातला एक दवाखाना बंद झाल्यानंतरचा अभ्यास

पार्श्वभूमी

परळ-लालबागच्या पट्ट्यातल्या एका चाळीच्या तळमजल्यावर, दहा बाय बाराच्या खोलीत हा दवाखाना चाळीस वर्षांहून जास्त चालला. बाहेर बाकडं, आत हिरवा पडदा, पडद्याआड तपासायचं टेबल आणि खिडकीशी कंपाउंडर काकांची जागा. रुग्णांची आणि दवाखान्याची ओळख पटेल असे तपशील मी इथे बदलले आहेत. निर्णय आणि चुका जशा घडल्या तशाच ठेवल्या आहेत.

डॉक्टरांची सुरुवात झाली ती कामगार विम्याचे पॅनेल डॉक्टर म्हणून. राज्य कामगार विम्याचा कायदा १९४८ चा. मुंबईत ही योजना १९५४ मध्ये आली. गिरणी कामगाराने आपल्या वस्तीतला पॅनेलवरचा एक डॉक्टर निवडायचा, त्याच्याकडे नाव नोंदवायचं आणि तब्येतीचं काहीही असलं तरी आधी त्याच्याकडे जायचं, अशी ती पद्धत होती. गिरणगावातले म्हातारे आजही ‘आमचा प्यानलचा डॉक्टर’ म्हणतात ते यामुळे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत स्वतः घाटकोपरला दवाखाना चालवलेले डॉक्टर होते. त्यानंतर पुष्कळांची नोकरी गेली आणि नोकरीबरोबर विमाही गेला. आमच्या डॉक्टरांनी मात्र जुन्या नोंदीतल्या माणसांना ‘आता तुमचं कार्ड चालत नाही’ असं म्हटलं नाही. उधारीची वही सुरू झाली. पुढे त्याच माणसांची मुलं आणि नातवंडं त्याच बाकड्यावर बसायला लागली.

करोनाच्या लाटा ओसरल्यावर एका पावसाळ्यात डॉक्टर अचानक गेले. मुलगा परदेशात असतो, दवाखाना पुढे चालवणारं कोणी नव्हतं. तेराव्यानंतर शटर खाली आलं ते पुन्हा वर गेलंच नाही.

त्याच सुमारास आम्ही तिघं या भागात प्राथमिक आरोग्यसेवा लोकांपर्यंत कितपत पोचते याचा लहानसा अभ्यास करत होतो. माझं शिक्षण समाजकार्याचं, रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक म्हणून काही वर्षं काम केलेलं. सोबत एक एमबीबीएस सहकारी आणि क्षेत्रकामाला याच भागात वाढलेली एक मुलगी. दवाखाना बंद झाल्याचं तिनेच पहिल्यांदा सांगितलं. तेव्हा ते ऐकून मी वहीत एक ओळ लिहिली आणि पुढच्या कामाला लागलो.

अडचण

आमची प्रश्नावली अंतर मोजणारी होती. सर्वांत जवळचा दवाखाना किती लांब, चालत किती मिनिटं, खर्च किती. नकाशावर हा भाग म्हणजे आरोग्यसेवेचं माहेरघर. १९२६ पासूनचं केईएम इथेच, टाटा आणि वाडिया इथेच, कामगार विम्याचं महात्मा गांधी स्मारक रुग्णालयही परळलाच. त्याशिवाय चालत दहा मिनिटांच्या आत महापालिकेचा दवाखाना आणि गल्लोगल्ली खासगी दवाखाने, काही एमबीबीएस, बरेचसे बीएएमएस आणि बीएचएमएस.

‘आजारी पडल्यावर कुठे जाता?’ या प्रश्नाला प्रत्येक घरात एकच उत्तर मिळत होतं, ‘डॉक्टरकडे.’ ‘लांब आहे का?’ ‘छे, हे काय कोपऱ्यावर.’ पहिल्या दोन आठवड्यांच्या नोंदी वाचणाऱ्याला इथे काहीच अडचण नाही असं वाटलं असतं, आणि आम्हीही तसंच लिहून मोकळे होण्याच्या बेतात होतो.

आमच्या क्षेत्रकार्यकर्तीने ते थांबवलं. एका घरात वहिनींनी तेच उत्तर दिल्यावर तिने सहज विचारलं, “वहिनी, बीपीची शेवटची गोळी कुठून आणलीत? पट्टी दाखवता?” पट्टी आली. तिच्याबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली डॉक्टरांच्या हातची चिठ्ठीही आली, त्यांच्या जाण्याच्या कितीतरी महिने आधीची. तीच चिठ्ठी दर महिन्याला केमिस्टला दाखवून गोळ्या येत होत्या. बीपी मोजल्याला किती दिवस झाले, ते वहिनींना सांगता येईना. “डॉक्टर होते तेव्हा बघायचे,” एवढंच त्या म्हणाल्या.

पुढच्या घरांतही आम्ही पट्टी मागायला लागलो आणि चित्रच पालटलं. कोणी जुन्या चिठ्ठीवर चालवत होतं. कोणी शेजारणीला लागू पडलेली गोळी घेत होतं. पोळीभाजी केंद्रावर पहाटेपासून पोळ्या लाटणाऱ्या एका मावशींनी शुगरची गोळी सोडूनच दिली होती, कारण नवा डॉक्टर ‘आधी रिपोर्ट आणा’ म्हणतो आणि रिपोर्टला उपाशीपोटी जायचं म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडते. जुन्या डॉक्टरांना त्यांच्या कामाची वेळ ठाऊक होती. ते त्यांना कामाला जायच्या आधी बोलवून दवाखान्यातच सुई टोचून शुगर बघत.

१९८१ मध्ये पेंचान्स्की आणि थॉमस या अमेरिकी संशोधकांनी सेवा मिळण्याची पाच अंगं मांडली होती: डॉक्टर आहे का, तिथवर पोचता येतं का, त्याच्या वेळा आपल्या वेळांशी जुळतात का, परवडतो का आणि त्याच्याशी पटतं का. आमची प्रश्नावली पहिल्या दोन अंगांत आणि थोडी चौथ्यात अडकली होती. मावशींचं अडलं होतं तिसऱ्यावर. पण वहिनींचं दुखणं या पाचांतल्या एकातही नीट बसत नव्हतं, आणि मला वाटतं तेच सर्वांत महत्त्वाचं होतं. त्यांना हवा होता त्यांची केस माहीत असलेला माणूस. तो गेला होता आणि त्याच्याबरोबर त्यांच्या तब्येतीचा सगळा इतिहासही गेला होता.

तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा

हे घर मी वेगळं सांगतो, कारण पुढचं सगळं इथून बदललं.

निवृत्त गिरणी कामगार, वय पंचाहत्तरच्या पुढे. बीपीसाठी अनेक वर्षं अ‍ॅम्लोडिपिन. डॉक्टर गेल्यावर त्यांना गरगरायला लागलं, म्हणून मुलाने एका नव्या दवाखान्यात नेलं. तिथे बीपी जास्त निघालं आणि गोळीची ताकद दुप्पट झाली. काही आठवड्यांत पाय सुजले. त्यासाठी ते दुसऱ्याच एका दवाखान्यात गेले. त्या डॉक्टरांना पहिल्या गोळीबद्दल कोणी सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. त्यांनी लघवीवाटे पाणी काढणारी गोळी दिली. सूज थोडी उतरली, पण रात्री तीन-तीनदा उठून गॅलरीच्या टोकाच्या सामाईक संडासापर्यंत जायची वेळ आली. एका पहाटे आजोबा गॅलरीत पडले. हाड मोडलं नाही, ते नशीब.

आमच्या डॉक्टर सहकाऱ्याने दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या आणि तिला लगेच कळलं. अ‍ॅम्लोडिपिनने पायाला सूज येते, मात्रा वाढली की जास्तच. ती हृदयाची किंवा मूत्रपिंडाची सूज नव्हती, आणि पाण्याच्या गोळीने ती धड जातही नाही. औषधाचा त्रास हाच नवा आजार समजून त्यावर दुसरं औषध दिलं गेलं होतं. दोन्ही डॉक्टरांनी आपापल्या परीने समोर दिसलं त्यावरच उपचार केला होता. दोन्ही गोळ्या एका नजरेखाली आणणारं मात्र कोणी नव्हतं.

त्या दिवशी आजोबांचं बीपी बसल्यावर १५२/८४ आणि उभं केल्यावर १२६/७० होतं. उभं राहिल्यावर वरचा आकडा वीसने किंवा त्याहून जास्त घसरला की त्याची दखल घ्यावीच लागते. मुलाखत अर्धवट सोडून आम्ही त्यांना मुलासह महापालिकेच्या दवाखान्यात नेलं.

संध्याकाळी आमच्यात वाद झाला. आम्ही अभ्यासाला आलो होतो. एका घराला हात दिला तर बाकीच्यांचं काय, आणि मग जे दिसतंय ते ‘आहे तसं’ कसं म्हणायचं? माझं मत तेव्हाही आणि आजही एकच आहे: डोळ्यांदेखत धोका दिसत असताना पेन चालवत बसणं हे संशोधन नव्हे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक सूचनांतही सहभागींना लागणाऱ्या पूरक उपचारांचा विचार करायला सांगितलं आहे. आमच्या प्रस्तावात त्यावर ‘गरज पडल्यास योग्य ठिकाणी पाठवले जाईल’ एवढं एकच वाक्य होतं. कोणाकडे, किती वाजता, बरोबर कोण जाईल, यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. ती आमची चूक.

आमच्यापुढचे पर्याय

आता प्रश्न बदलला होता. या दवाखान्याचे जुने रुग्ण सध्या कुठे आहेत आणि कोणाच्या देखरेखीखाली आहेत, हे शोधायचं होतं. त्यांची यादी जगात एकाच ठिकाणी होती: डॉक्टरांच्या घरी, दोन पत्र्याच्या ट्रंकांमध्ये, जाड कार्डांवर. आडनावाप्रमाणे लावलेली कार्डं. वरच्या कोपऱ्यात चाळ आणि खोली नंबर, खाली शाईने बारीक अक्षरात वर्षानुवर्षांच्या नोंदी.

डॉक्टरांच्या पत्नींनी, ज्यांना सगळी चाळ वहिनीबाई म्हणते, स्वतःहून विचारलं, “ही घेऊन जाता का? तुमच्या कामाला येतील. मला तर बघवत नाहीत.”

पहिला मोह साहजिकच हो म्हणण्याचा होता. कार्डांचे फोटो काढायचे, यादी करायची, घरोघर जायचं. महिनाभराचं काम आठवड्यात झालं असतं. आमच्यातल्या एकाचं म्हणणं होतं की शेवटी हे रुग्णांच्याच भल्याचं आहे. पण त्या कार्डांवर काय नव्हतं? कोणाचा गर्भपात, कोणाचं दारूचं व्यसन, कोणाच्या टीबीची गोष्ट सासरी अजून माहीत नाही. हे सगळं त्या बायामाणसांनी डॉक्टरांना सांगितलं होतं, वहिनीबाईंना नाही आणि आम्हाला तर नाहीच. वहिनीबाईंची संमती मनापासूनची होती, पण ती देण्याचा हक्क त्यांचा नव्हता.

दुसरा पर्याय कार्डांना हात न लावता चाळीचाळीतून सगळी घरं पालथी घालण्याचा. स्वच्छ मार्ग, पण अशाने इथून निघून गेलेली माणसं हाती लागली नसती. पुनर्विकासात संक्रमण शिबिरात गेलेली, खोली विकून डोंबिवली-बदलापूरला गेलेली कितीतरी माणसं डॉक्टर असेपर्यंत लोकलने त्यांच्याकडे येत. कंपाउंडर काका सांगत, रविवारी सकाळी अर्धं बाकडं ‘गाडीवाल्यांचं’ असे. दीड तास प्रवास करून येणाऱ्या माणसाला डॉक्टर ‘लांब’ नव्हता आणि कोपऱ्यावरचा त्याला ‘जवळ’ वाटत नव्हता, ही गोष्ट आमच्या मिनिटांच्या रकान्यात कधीच मावली नसती.

तिसरा मार्ग काकांनी सुचवला. ज्याचं कार्ड त्याला परत द्यायचं. निरोप काका देतील, कार्ड काकाच शोधून हातात ठेवतील. आम्ही बाहेरच्या खोलीत बसायचं आणि ज्याला आमच्याशी बोलायचं असेल तो बोलेल.

डॉक्टरांच्या व्यवसायनीतीच्या २००२ च्या नियमांत दाखल रुग्णांची कागदपत्रं तीन वर्षं जपावीत आणि रुग्णाने मागितल्यास बहात्तर तासांत द्यावीत असं आहे. बाह्यरुग्णांच्या कार्डांविषयी आणि डॉक्टरच हयात नसेल तर काय करायचं याविषयी त्यात आमच्या उपयोगाचं काही नव्हतं. पण कागद रुग्णाच्या हाती पोचावा, एवढी दिशा त्यातून मिळत होती. आम्ही तिसरा मार्ग धरला.

काय केलं

बंद शटरवर पाटी लावली: डॉक्टरांकडची आपली जुनी कार्डं शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी परत मिळतील. मुलाखतीचा त्यात उल्लेखही केला नाही. कार्ड हवं तर बोलावं लागेल असं कोणालाही वाटायला नको होतं. काकांनी गणेशोत्सव मंडळाच्या आणि भजनी मंडळाच्या माणसांकरवी निरोप पाठवले. ‘गाडीवाल्यांना’ त्यांनी स्वतः फोन केले.

पहिल्या शनिवारी चार माणसं आली. मी निराश झालो होतो. तिसऱ्या रविवारी मात्र जिन्यापर्यंत रांग होती. लोक कार्ड घेत आणि तिथेच उभ्याने वाचायला लागत. एका बाईंनी आपल्या गेलेल्या सासूचं कार्ड मागितलं. काकांनी दिलं नाही. आधी नवऱ्याला घेऊन या म्हणाले. नियम त्यांनी कुठे वाचला नव्हता, पण पस्तीस वर्षं ते खिडकीशी बसून हेच सांभाळत आले होते.

प्रश्न आम्ही चारच ठेवले. शेवटची गोळी कुठून आली? ती कोणी ठरवली? तुमच्या सगळ्या गोळ्या एकत्र कोणी पाहिल्या आहेत का? आणि रात्री अडलं तर पहिला फोन कोणाला? चौथ्या प्रश्नावर बरेच जण गप्प राहत. एक रिक्षावाले दादा बराच वेळ विचार करून म्हणाले, “पूर्वी यांनाच करायचो. आता केमिस्टला करतो. तो उचलतो तरी.”

दरम्यान आमची डॉक्टर सहकारी महापालिकेच्या दवाखान्यातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटली. इथे आम्ही उशीर केला होता. ते नाराज नव्हते, पण थेट बोलले: “तुम्ही दोन महिने माझ्या हद्दीत फिरताय आणि आज आलात.” नोव्हेंबर २०२२ पासून मुंबईत ‘हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे आपला दवाखाना’ सुरू झाल्यावर काही ठिकाणी रात्री दहापर्यंत डॉक्टर बसू लागले आणि १४७ तपासण्या मोफत झाल्या, हे आमच्या मावशींना ठाऊकच नव्हतं. त्यांच्या मनात महापालिकेचा दवाखाना म्हणजे सकाळची रांग आणि दुपारी बंद खिडकी.

अधिकाऱ्यांशी तीन गोष्टी ठरल्या. जुनं कार्ड घेऊन येणाऱ्याचं कार्ड नव्या केस पेपरला स्टेपल करायचं, म्हणजे पुढच्या डॉक्टरलाही ते दिसेल. कार्डवाल्यांनी पहिल्या भेटीला घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायच्या. आणि आठवड्यातून एक संध्याकाळ कंपाउंडर काका तिथे बाकड्यावर बसतील. औषध देण्यासाठी नाही, तर आलेल्या माणसाला ओळखून आत नेण्यासाठी. ही शेवटची गोष्ट कुठल्याही सरकारी रकान्यात बसत नव्हती. अधिकाऱ्यांनी ती आपल्या जबाबदारीवर चालू दिली, याबद्दल मला त्यांचा फार आदर आहे.

काय झालं

आजोबांची पाण्याची गोळी बंद झाली, अ‍ॅम्लोडिपिन पुन्हा जुन्या मात्रेवर आलं आणि सोबत दुसऱ्या प्रकारची गोळी कमी ताकदीची सुरू झाली. सूज उतरली. रात्रीचं उठणं एकदावर आलं.

पोळीवाल्या मावशी संध्याकाळच्या वेळेला जायला लागल्या. उपाशीपोटीची अट न घालता तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी तपासणी झाली आणि गोळी पुन्हा सुरू झाली. वहिनी मात्र गेल्या नाहीत. त्यांनी कार्ड घेतलं, कपाटात ठेवलं आणि केमिस्टकडेच चालू ठेवलं. आम्ही दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारणं त्रास देण्यासारखं झालं असतं.

ज्यांनी महापालिकेचा दवाखाना धरला त्यांतले बहुतेक काकांच्या संध्याकाळी येणारे होते. काही महिन्यांनी वैद्यकीय अधिकाऱ्यांची बदली झाली. नव्या डॉक्टरांनी स्टेपल केलेली कार्डं वाचली, कारण ती समोरच होती. बाकड्यावरची संध्याकाळ मात्र थांबली; कागदावर मंजुरी नव्हती. त्यानंतर येणारी माणसं कमी झाली. किती, ते मोजायची सोय आम्ही केलेली नव्हती, म्हणून आकडा देत नाही.

पुन्हा केलं तर

वैद्यकीय अधिकाऱ्यांना पहिल्या दिवशी भेटेन आणि काकांच्या संध्याकाळसाठी पहिल्याच महिन्यात लेखी परवानगी मागेन. चांगल्या माणसाच्या भरवशावर उभी केलेली व्यवस्था त्याच्या बदलीबरोबर जाते, हे आम्हाला कळायला हवं होतं. एका डॉक्टरच्या जाण्याने काय होतं, हेच तर आम्ही अभ्यासत होतो.

काकांच्या आठवणीवर आम्ही फार विसंबलो. त्यांनी बोलावली ती जुनी, मराठी, खोलीमालक कुटुंबं. पोटमाळ्यावर भाड्याने राहणारी, गाळ्यांमध्ये काम करणारी बिहार-उत्तर प्रदेशातली मुलंही त्याच बाकड्यावर बसलेली असणार. त्यांना मंडळाकरवी निरोप गेला नाही, आणि पाटी फक्त मराठीत होती. त्यांचं काय झालं हे आमच्या अहवालात नाही. ही या अभ्यासातली सर्वांत मोठी फट आहे आणि तिचं समर्थन मी करणार नाही.

आणि कार्डं. सहा महिन्यांनी वहिनीबाईंना खोली रिकामी करायची होती. इमारत पुनर्विकासाला गेली. उरलेली कार्डं कोणी न्यायची? महापालिकेच्या दवाखान्याने घेतली नाहीत, आम्ही घेणार नव्हतो. तिघांच्या समोर ती फाडून लगदा करायला दिली. तेव्हा ते योग्यच वाटलं होतं. दोन आठवड्यांनी बदलापूरहून एक ताई आल्या, गावी असल्याने निरोप उशिरा मिळालेला. वर्षभर मुदत ठेवली असती, ट्रंकांसाठी कुठे कुलूपबंद जागा शोधली असती, तर त्यांना त्यांचं कार्ड मिळालं असतं.

काकांनी त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः आठवत बसले. मग एका कोऱ्या कागदावर लिहिलं: पेनिसिलिन चालत नाही, अंगावर पित्त उठतं, दुसऱ्या बाळंतपणात बीपी वाढलं होतं, वडिलांना शुगर. खाली ‘आठवणीवरून’ असं लिहून सही केली. ताईंनी तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि परतीच्या गाडीची वेळ विचारली.